ओढ

बाबालाल शिकलगारनं बॉनेट उचललं,
बॅटरीवर कोपर टेकला, आणि आधी मलाच विचारलं,
"ताई, गाडीला धाव पायजे का वढ?
दोन्ही मागू नका. दोन्ही मागणारी गिऱ्हाइकं
सहा म्हयन्यात परत येत्यात, दोराला बांधून."

मी म्हटलं, ओढ.
मागं बेदाण्याची मशीन असते, सतराशे किलो.
तासगावाकडनं घाटमाथ्यावर चढताना
पहिल्या गिअरातसुद्धा धाप लागते,
काटा लाल रेघेला टेकतो
आणि शेवटच्या वळणावर उतरून
मी चाकामागं दगड लावते.
एक दगड ठरलेला होता, बरोबर बसायचा.
माघात कुणीतरी त्याला शेंदूर फासून गेलं.
तेव्हापासून रोज नवा शोधावा लागतो.

विट्यात, मायणी रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये
जुनं इंजिन साखळीवर टांगून वर आलं.
अकरा वर्षं पायाखाली होतं,
इतकं लहान असेल असं वाटलं नव्हतं.
मिरजेच्या भंगारातनं टर्बोवालं आणलं होतं.
बाबालालनं त्याची गोगलगाय तळहातावर धरून
चक्राला फुंकर मारली, ते भिरभिरलं.
"ह्ये सोपं हाय. जो धूर भायेर चाललाय,
त्याच्याकडनंच जाता जाता काम करून घ्यायचं."

मग क्लच. मग रेडिएटर.
मग क्राऊन-पिनियन, दात मोजून.
मग म्हणाला, ब्रेक.
मी म्हटलं, ब्रेकचं कुठं बोललो होतो आपण?
"वढणारं वाढवलं की थांबवणारंबी वाढवाय लागतं.
न्हायतर मशीनच गाडीला उतारानं घरी नेईल."
पैसे मनातल्या मनात दोनदा मोजले,
हो म्हटलं.

अडलं ते पुस्तकावर.
नव्या इंजिनाचा नंबर पुस्तकात चढवायचा,
आणि पुस्तकावर मालक, दिगंबर.
दिगंबर कोइमतूरला, गलाईच्या दुकानात,
सोन्याची धूळ आटवत, चौथं वर्ष.
फोन येतो भट्टी विझल्यावर.
जेवलीस का. मशीन चालू आहे का. भाव काय फुटला.
मग दोन्हीकडं पंख्याचा आवाज.

फॉर्म कुरिअरनं पाठवला.
बाबालाल गाडी सोडेना. "भावाची अशीच
जप्त झाली हुती, चेसिस-इंजिन जुळंना म्हणून."
नवं इंजिन आत, गाडी विटांवर,
आणि बागांच्या शेडमधनं माझे फोन वाजतायत:
माल वाळला, मशीन कधी आणताय?

नवव्या दिवशी पाकीट आलं.
कागदाला तेजाबाचा वास.
सही बरोबर होती, जिथं जिथं मी फुली केली होती तिथं.
त्याच्याखाली आणखी एक फॉर्म निघाला,
मी न पाठवलेला. मालक बदलण्याचा.
त्याची सही. माझं नाव, पूर्ण, वडिलांच्या आडनावासकट.
तारखेची जागा कोरी.
चिठ्ठी नव्हती. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा.

रात्री विचारलं, हे दुसरं काय?
म्हणाला, "एकाच कुरिअरात दोन कामं झाली."
मग म्हणाला, "गाडी तूच चालवतीस की."
मग पंख्याचा आवाज.

काल पहिल्यांदा पूर्ण वजन घेऊन चढले.
दुसरा गिअर, पाय अर्धाच दाबलेला,
काटा मध्यावर, हलला नाही.
सीटखालनं एक जाड, सावकाश आवाज येत होता,
जात्यावर धान्य पडल्यावर येतो तसा.
शेंदराचा दगड आला, त्याला आता नारळही होता.
थांबायचं काम नव्हतं,
तरी हात हँडब्रेकवर जाऊन आला.

माथ्यावर उगीचच गाडी कडेला घेतली.
डॅशबोर्डातला कागद काढला.
तारखेची जागा बघितली.
पेन शोधलं. पेन होतं.
मागनं उसाच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला,
तो पुढं जाईपर्यंत थांबले,
मग दुसरा आला.